वृक्षरूप माहिती, वापरकर्ता आंतरपृष्ठातील

ज्या माहितीतील प्रत्येक घटक, एका आद्य घटकाचा अपवाद वगळता, दुसऱ्या एका व एकाच घटकाच्या पोटात येतो, अशा श्रेणीबद्ध माहितीस वृक्षरूप माहिती म्हणतात. संगणकाचा वापर करणारी व्यक्ती व आज्ञावली यांच्यातील देवाणघेवाण ज्या दर्शनी भागातून होते, त्यास वापरकर्ता आंतरपृष्ठ किंवा यूझर इंटरफेस असे म्हणतात. संगणकातील फाइली व फोल्डर, ग्रंथातील प्रकरणे व उपप्रकरणे, यंत्राचे सुटे भाग, कार्यालयातील अधिकारश्रेणी, राज्याचे विभाग, जिल्हे, तालुके व गावे ही वृक्षरूप माहितीची परिचित उदाहरणे होत. पडदा सपाट व आयताकृती असतो, त्यावर एका वेळी मोजक्याच ओळी मावतात. वृक्ष मात्र अनेक पातळ्यांचा व कित्येक हजार घटकांचा असू शकतो. या दोहोंचा मेळ घालणे, वापरणाऱ्याला आपण वृक्षात कोठे आहोत याचे भान राहील असे पाहणे आणि त्याने केलेला बदल मूळ माहितीत अचूकपणे उतरविणे, हा या विषयाचा गाभा आहे.

परिभाषा : वृक्षातील प्रत्येक घटकास ‘नोड’ म्हणतात. सर्वांत वरच्या नोडास ‘मूळ’, एखाद्या नोडाच्या लगत वर असलेल्या नोडास त्याचा ‘जनक’ व लगत खाली असलेल्या नोडांस त्याची ‘अपत्ये’ म्हणतात. एकाच जनकाची अपत्ये परस्परांची भावंडे होत. ज्यास अपत्य नाही तो नोड ‘पर्ण’ होय. मुळापासून नोडापर्यंत जितक्या पायऱ्या उतराव्या लागतात तितकी त्या नोडाची पातळी असते. नोड व त्याचे सर्व वंशज मिळून एक ‘उपवृक्ष’ होतो व तो स्वतःही वृक्षच असतो. हा गुणधर्म महत्त्वाचा आहे. कारण त्यामुळे एका नोडावर करावयाची क्रिया त्याच्या प्रत्येक अपत्यावर तशीच पुन्हा करीत जाणे, या एकाच रीतीने संपूर्ण वृक्षाचे काम उरकता येते. वनस्पतिवृक्षाचे मूळ जमिनीत असते. संगणकशास्त्रातील वृक्ष मात्र वंशावळीच्या तक्त्याप्रमाणे वरून खाली वाढतो.

इतिहास : विद्युत् मंडलांच्या अभ्यासात जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ किरखोफ यांनी १८४७ मध्ये वृक्षाच्या कल्पनेचा उपयोग केला. ब्रिटिश गणितज्ञ आर्थर केली (१८२१—९५) यांनी १८५७ मध्ये या आकृत्यांना वृक्ष हे नाव देऊन त्यांची गणना कशी करावी हे दाखविले. संगणकाच्या क्षेत्रात मल्टिक्स या प्रणालीच्या फाइल व्यवस्थेचे वर्णन आर. सी. डेली व पी. जी. न्यूमन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. तीत एका निर्देशिकेच्या पोटात दुसरी निर्देशिका, ही योजना होती व पुढे ती यूनिक्स व अन्य प्रणालींनी स्वीकारली. अमेरिकेच्या अपोलो मोहिमेतील असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून आयबीएम कंपनीची आयएमएस ही श्रेणीबद्ध माहितीप्रणाली १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाली.

वृक्ष पडद्यावर दाखवून त्यात फेरफार करण्याचे प्रात्यक्षिक अमेरिकन अभियंते डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील परिषदेत केले. त्यात यादीच्या खालच्या पातळ्या मिटविणे व पुन्हा उघडणे या क्रिया दाखविण्यात आल्या होत्या. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मधील फाइल मॅनेजर, १९९१ च्या मॅकिंटॉश सिस्टिम ७ मधील ओळीच्या आरंभी असलेले छोटे त्रिकोण आणि विंडोज ९५ मधील ट्री व्ह्यू हा तयार घटक यांमुळे उघडझाप होणारा वृक्ष सर्वसामान्य वापरणाऱ्यांच्या परिचयाचा झाला.

साठवणीच्या पद्धती : वृक्ष साठविण्याच्या प्रमुख पद्धती चार आहेत. (१) जनक-निर्देश : प्रत्येक नोडाच्या नोंदीत त्याच्या जनकाचा क्रमांक लिहून ठेवतात. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानावर आधारित तक्त्यांत ही पद्धत सहज बसते. मात्र एखाद्या नोडाचे सर्व वंशज काढावयाचे तर पातळीगणिक पुनःपुन्हा शोध घ्यावा लागतो. यासाठी एसक्यूएल भाषेच्या १९९९ च्या मानकात स्वतःलाच पुन्हा पाचारण करणाऱ्या प्रश्नांची सोय करण्यात आली. (२) अपत्य-यादी : प्रत्येक नोडाजवळ त्याच्या अपत्यांची क्रमवार यादी असते. पडद्यावर वृक्ष काढण्यास ही रचना सर्वांत सोयीची होय. (३) मार्ग : मुळापासून नोडापर्यंतची सर्व नावे वा क्रमांक एकापुढे एक लिहून ठेवतात. यामुळे वंशज शोधणे सोपे होते. (४) अंतराल-क्रमांक : प्रत्येक नोडास दोन अंक देतात व त्याच्या सर्व वंशजांचे अंक त्या दोहोंच्या दरम्यान पडतात. वाचन वेगाने होते, पण नवा नोड घालताना पुष्कळ अंक बदलावे लागतात.

यांतील भेद एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे ८ तालुके त्यात गेले. जनक-निर्देश पद्धतीत या घटनेसाठी एक नवा नोड घालून केवळ ८ नोंदींतील जनक बदलावा लागतो. तालुक्यांखालील गावांच्या नोंदींना हात लावावा लागत नाही. मार्ग पद्धतीत मात्र त्या ८ तालुक्यांतील प्रत्येक गावाच्या मार्गात ठाणे हा शब्द असल्याने ते सर्व मार्ग नव्याने लिहावे लागतात आणि त्यांतील एखादा राहून गेल्यास ते गाव जुन्याच जिल्ह्यात दिसू लागते. शिवाय २०१४ पूर्वीच्या दस्तऐवजावर ठाणे जिल्हा असणे हेच बरोबर असते. म्हणून जेथे जुन्या नोंदींचे महत्त्व असते, तेथे जनक कोण याबरोबर तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हेही साठविणे आवश्यक ठरते.

नोडाची ओळख त्याच्या नावावरून ठरविणे धोक्याचे असते. ठाणे हे जिल्ह्याचेही नाव आहे व त्यातील एका तालुक्याचेही. तर औरंगाबाद या विभागाचे व जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले. नाव बदलले तरी नोड तोच राहतो. यासाठी प्रत्येक नोडास कधीही न बदलणारा क्रमांक देतात व नाव ही केवळ त्याची एक माहिती मानतात.

प्रतिमान व दर्शन : नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्व्ह रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात असताना असा विचार मांडला की, मूळ माहिती, तिचे पडद्यावरील रूप व वापरणाऱ्याच्या आज्ञा स्वीकारणारा भाग यांची फारकत करावी. यांतील पहिल्यास प्रतिमान व दुसऱ्यास दर्शन म्हणता येईल. वृक्षरूप माहितीच्या बाबतीत ही फारकत विशेष उपयुक्त ठरली आहे. जावा भाषेतील स्विंग या संचातील वृक्षदर्शक घटक प्रतिमानाला मोजकेच प्रश्न विचारतो : मूळ कोणते, अमुक नोडाला अपत्ये किती, त्यांतील अमुक क्रमांकाचे कोणते आणि हा नोड पर्ण आहे काय. ही उत्तरे देणारी माहिती फाइलींची आहे की गावांची, याच्याशी दर्शनाला कर्तव्य नसते. २००५ मधील क्यूट ४ या संचातही अशीच योजना असून तीत नोडाचा जनक कोणता हा प्रश्नही विचारला जातो.

कोणता नोड उघडा, कोणता मिटलेला व कोणता निवडलेला, ही माहिती प्रतिमानात न ठेवता दर्शनात ठेवणे इष्ट असते. एकच वृक्ष दोन खिडक्यांत दाखविला असता एका खिडकीत मिटविलेली फांदी दुसरीतही मिटावी, असे सहसा कोणास नको असते. एखादा नोड मिटवून पुन्हा उघडला असता त्याच्या आतील नोड पूर्वी जसे उघडे होते तसेच दिसावेत, ही अपेक्षाही उघड्या नोडांच्या क्रमांकांचा संच वेगळा राखल्यास सहज पुरी होते.

वृक्षाच्या ओळी पाडणे : पडद्यावरील वृक्ष हा वस्तुतः ओळींची यादीच असतो, पातळीनुसार उजवीकडे सरकविलेल्या अक्षरांमुळे तो वृक्ष भासतो. ही यादी करण्याची रीत अशी : प्रथम नोड स्वतः लिहावा, तो उघडा असल्यास त्याच्या प्रत्येक अपत्यासाठी क्रमाने हीच रीत वापरावी, मिटलेला असल्यास पुढील भावंडाकडे वळावे. उदा., महाराष्ट्र राज्य हे मूळ व त्याखाली कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती व नागपूर हे ६ विभाग घेतले, कोकण उघडून त्यातील ७ जिल्हे व पालघर उघडून त्यातील ८ तालुके दाखविले, तर एकूण १ + ६ + ७ + ८ = २२ ओळी होतात. कोकण मिटविताच त्याच्या पोटातील १५ ओळी नाहीशा होऊन ७ उरतात.

वृक्ष मोठा असता सर्व ओळी तयार करणे परवडत नाही. महाराष्ट्रातील गावांची संख्या ४० हजारांहून अधिक आहे, तर पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या ओळी ३०-४० असतात. अशा वेळी फक्त दिसणाऱ्याच ओळी तयार करतात व वापरणारा पुढे सरकेल तशा त्या बदलतात. त्यासाठी अमुक क्रमांकाची ओळ कोणत्या नोडाची, हे झटपट काढता आले पाहिजे. प्रत्येक नोडाजवळ त्याच्या पोटातील दृश्य ओळींची संख्या लिहून ठेवल्यास हे साधते. वरील उदाहरणात कोकणजवळ १५ ही संख्या असेल. २० वी ओळ हवी असता पहिली ओळ राज्याची व २ ते १७ या ओळी कोकणच्या, हे आत न शिरताच कळते. मग १८ वी नाशिकची, १९ वी पुण्याची व २० वी छत्रपती संभाजीनगरची ठरते. एखादा नोड उघडला वा मिटविला असता केवळ त्याच्या व त्याच्या पूर्वजांच्या संख्या सुधाराव्या लागतात. बाकीचा वृक्ष जसाच्या तसा राहतो.

मागणीनुसार भरणा : माहिती दूरच्या संगणकावर असल्यास नोड उघडला जाईपर्यंत त्याची अपत्ये न आणण्याची पद्धत रूढ आहे. भूमिअभिलेखाच्या संकेतस्थळावर सातबारा उतारा पाहताना जिल्हा निवडल्यानंतर तालुक्यांची व तालुका निवडल्यानंतर गावांची यादी मिळते, हा याच तत्त्वाचा एक प्रकार होय. या पद्धतीत ‘अपत्ये नाहीत’ व ‘अपत्ये अद्याप आणलेली नाहीत’ या दोन भिन्न अवस्था आहेत. त्यांची गल्लत झाल्यास भरलेली फांदी रिकामी दिसते व आपले गाव नोंदीतच नाही असा वापरणाऱ्याचा ग्रह होतो. मागणी चालू आहे व मागणी अयशस्वी झाली, याही अवस्था वेगळ्या दाखवाव्या लागतात. शिवाय उत्तरे मागणीच्याच क्रमाने येतील अशी खात्री नसते. वापरणाऱ्याने आधी एक व लगेच दुसरा तालुका निवडला आणि पहिल्याचे उत्तर मागाहून आले, तर दुसऱ्या तालुक्याखाली पहिल्याची गावे लागू शकतात. म्हणून आलेले उत्तर ज्या नोडासाठी मागितले होते त्यालाच जोडले जात आहे, हे पडताळून घेणे अगत्याचे असते.

बदल : नोड घालणे, काढणे व हलविणे हे मूलभूत बदल होत. नोड काढताना त्याच्या उपवृक्षाचे काय करावयाचे, हे आधी ठरवावे लागते : तो समूळ काढावा, आजोबा-नोडास जोडावा की अपत्ये असेतो काढण्यास मनाई करावी. फोल्डर पुसताना त्यातील सर्व काही पुसले जाते, हे वापरणाऱ्याच्या नेहमीच लक्षात येते असे नाही. मिटलेल्या नोडात काय दडले आहे ते त्याला दिसत नसते. म्हणून एकूण किती नोड जातील हे आधी सांगणे व क्रिया परत फिरविण्याची सोय ठेवणे उचित होय. नोड हलविताना तो स्वतःच्याच वंशजाच्या पोटात जाणार नाही याची खातरजमा करावी लागते. तसे झाल्यास तो उपवृक्ष मुळापासून तुटतो व त्यात एक वर्तुळ तयार होते. मग पूर्वज शोधणारी आज्ञावली त्यात अखंड फिरत राहते. नव्या जनकापासून मुळापर्यंत चढत जाऊन वाटेत हलविला जाणारा नोड भेटत नाही ना, एवढे पाहिले म्हणजे हा धोका टळतो.

बदलानंतर संपूर्ण वृक्ष पुन्हा काढल्यास उघडे नोड मिटतात, निवड जाते व पडदा आरंभाशी उडी मारतो. यासाठी प्रतिमानाने कोणत्या जनकाखाली कोणत्या क्रमांकाच्या ओळी बदलल्या, एवढेच दर्शनाला कळविण्याची प्रथा आहे. दुसरा मार्ग म्हणजे जुना व नवा वृक्ष ताडून त्यांतील फरक काढणे. कोणतेही दोन वृक्ष ताडून कमीत कमी बदल शोधण्याच्या सर्वसाधारण रीतींना नोडसंख्येच्या घनाच्या प्रमाणात श्रम पडतात. म्हणजे १,००० नोडांसाठी सु. १ अब्ज तुलना कराव्या लागतील. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिॲक्ट या संचाने दोन गृहीते धरून हे काम नोडसंख्येच्याच प्रमाणात आणले : भिन्न प्रकारच्या घटकांचे उपवृक्ष भिन्नच मानावयाचे आणि भावंडांतील कोण कोणता हे त्यांना दिलेल्या स्थिर खुणेवरून ओळखावयाचे. खूण म्हणून यादीतील स्थान वापरल्यास मध्ये नवा नोड येताच पुढील सर्वांच्या खुणा एकेकाने सरकतात आणि एका नोडात भरलेला मजकूर शेजारच्या नोडात दिसू लागतो.

निवड व शोध : नोडांपुढे खुणेची चौकट असल्यास जनकाच्या चौकटीला तीन अवस्था लागतात : सर्व वंशज निवडलेले, एकही नाही व काही निवडलेले. जनकाची अवस्था वेगळी साठविण्याऐवजी पर्णांवरून खालून वर काढल्यास विसंगती उद्भवत नाही. मात्र एक प्रश्न उरतो. जिल्हा निवडला म्हणजे आज त्यात असलेली गावे निवडली, की पुढे त्यात येणारीही? मदत कोणाला मिळावी वा फाइल कोणाला वाचता यावी, हे अशा निवडीवरून ठरत असेल, तर याचे उत्तर आज्ञावली लिहिणाऱ्याने मनाशी न ठरविता पडद्यावर स्पष्ट केले पाहिजे. शोध घेताना जुळणारा नोड त्याच्या सर्व पूर्वजांसह दाखवितात; अन्यथा एकाच नावाची अनेक गावे परस्परांपासून ओळखता येत नाहीत.

अन्य दर्शनप्रकार : उघडझाप होणाऱ्या यादीखेरीज इतरही प्रकार प्रचारात आहेत. स्तंभदर्शनात प्रत्येक पातळीसाठी एक उभा स्तंभ असतो. १९८९ च्या नेक्स्टस्टेप प्रणालीत हा प्रकार ठळकपणे वापरलेला होता. रेषांनी जोडलेला वृक्ष आटोपशीर व सममित कसा काढावा याची रीत ई. एम. रीनगोल्ड व जे. एस. टिलफर्ड यांनी १९८१ मध्ये दिली. जॉर्ज फर्नस यांनी १९८६ मध्ये लक्ष्यानजीकचे नोड सविस्तर व दूरचे केवळ महत्त्वाचे तेवढे दाखविण्याची पद्धत सुचविली. मेरिलंड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांना १४ जणांच्या सामायिक वापरातील ८० मेगाबाइट क्षमतेची तबकडी वारंवार भरत असल्याने जागा कोणी व्यापली हे पाहावयाचे होते. त्यांनी एका आयताचे क्षेत्रफळाच्या प्रमाणात पोटआयत पाडून वृक्ष दाखविण्याची युक्ती १९९० च्या सुमारास काढली. तीत पातळ्या तितक्या स्पष्ट दिसत नाहीत, पण आकारमानांची तुलना एका दृष्टिक्षेपात होते.

सुगम्यता : माउस न वापरणाऱ्या व दृष्टिहीन व्यक्तींनाही वृक्षात संचार करता आला पाहिजे. रूढ संकेतानुसार खाली व वर दर्शविणाऱ्या बाणांच्या कळांनी दृश्य नोडांवरून सरकता येते. उजव्या बाणाने मिटलेला नोड उघडतो व आधीच उघडा असल्यास पहिल्या अपत्यावर जाता येते. डाव्या बाणाने उघडा नोड मिटतो, नाही तर जनकावर जाता येते. डोळसांना ओळीच्या सरकण्यावरून कळणारी पातळी दृष्टिहीनांना शब्दांत सांगावी लागते. यासाठी २०१४ मध्ये डब्ल्यू३सी या संस्थेने संमत केलेल्या मानकात नोडाची पातळी, तो उघडा की मिटलेला, एकूण भावंडे किती व त्यांत त्याचा क्रमांक कितवा, हे सांगण्याची सोय आहे. फक्त दिसणाऱ्याच ओळी तयार करण्याच्या तंत्रात ही आकडेवारी आवर्जून पुरवावी लागते. नाही तर वाचून दाखविणारे साधन ३६ जिल्ह्यांच्या यादीत पडद्यावरचे १० च आहेत असे सांगते.

मर्यादा : व्यवहारातील सर्वच माहिती वृक्षरूप नसते. यूनिक्स प्रणालीत एकच फाइल दोन निर्देशिकांत वेगळ्या नावांनी असू शकते. महसुली श्रेणीत गाव तालुक्यात मोडते, तर निवडणुकीसाठी तेच गाव विधानसभा मतदारसंघात मोडते आणि या दोन श्रेणींच्या सीमा एक असतीलच असे नाही. अशा माहितीस ओढूनताणून एकाच वृक्षात बसविल्यास एक तर नोंदी दुहेरी होतात, नाही तर एक संबंध लुप्त होतो. त्याऐवजी मूळ नोंद एकच ठेवून तिच्यावर आधारलेले दोन वेगळे वृक्ष दाखविणे श्रेयस्कर होय. वृक्ष ही माहिती पाहण्याची एक सोयीची रीत आहे, माहितीचे एकमेव रूप नव्हे. ही जाणीव ठेवून केलेले आंतरपृष्ठ श्रेणी बदलली तरी टिकते. [⟶ आलेख सिद्धांत, संगणक].